डॉक्टरांचे वाद्यवृंद आणि रुग्णाच्या उशाशी संगीत: एका भूलतज्ज्ञाचे उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टर शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत आणि लहानपणापासून व्हायोलिन शिकलेल्या आहेत. ‘वर्ल्ड डॉक्टर्स ऑर्केस्ट्रा’विषयी त्यांच्या वाचनात आले आणि त्यावरून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: डॉक्टरांचे असे वाद्यवृंद नेमके चालतात कसे, संगीताने रुग्ण खरोखर बरा होतो का, आणि त्यांच्या रुग्णालयात सर्व वॉर्डांमध्ये ध्वनिवर्धकावरून ठरावीक राग लावण्याचे जे घाटत आहे ते योग्य आहे का. मी भूलतज्ज्ञ आहे. इंग्लंडमध्ये नोकरीला असताना डॉक्टरांच्या एका हौशी वाद्यवृंदात ‘दुसऱ्या व्हायोलिन’च्या गटात, म्हणजे व्हायोलिनवादकांच्या दोन गटांपैकी दुसऱ्यात, अनेक वर्षे वाजवत असे. आता पुण्यात काम करतो. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की उत्साहाच्या भरात नको ती विधाने केली जातात, म्हणून माझे मत आधीच स्पष्ट करतो. संगीत आजार काढून टाकत नाही. आजाराने आणि उपचाराने होणारे काही त्रास मात्र ते मोजता येईल इतके कमी करते. आणि डॉक्टरांच्या वाद्यवृंदाचा पहिला उपयोग होतो तो डॉक्टरांच्या कानाला. रुग्णांपर्यंत तो त्या कानातून आणि जमवलेल्या निधीतून पोहोचतो.

‘वर्ल्ड डॉक्टर्स ऑर्केस्ट्रा’ची स्थापना २००७ साली बर्लिनमध्ये प्राध्यापक श्टेफान विलिश यांनी केली आणि २००८ साली त्याची पहिली मैफल झाली. विलिश हे तेथील शारिटे रुग्णालयातील हृदयविकार आणि साथरोगशास्त्राचे अभ्यासक आहेत, आणि तेच या वृंदाचे संचालनही करतात. पुढे ते बर्लिनच्या हान्स आइस्लर संगीत महाविद्यालयाचे प्रमुखही झाले, यावरून त्यांची संगीतातली तयारी हौसेपुरती नव्हती हे लक्षात येईल. वर्षातून तीन-चार वेळा जगभरातले सुमारे शंभर डॉक्टर एखाद्या शहरात जमतात, काही दिवस कसून तालीम करतात आणि एक सार्वजनिक कार्यक्रम करून आपापल्या रुग्णांकडे परततात. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो, आणि कार्यक्रमाचे उत्पन्न वैद्यकीय मदतीच्या प्रकल्पांना जाते. आरोग्यसेवा मिळण्याच्या आड देशाच्या सीमा येऊ नयेत, ही त्यामागची भूमिका आहे.

ही कल्पना मुळात नवी नाही. न्यूयॉर्कमधील डॉक्टरांचा वाद्यवृंद १९३८ सालचा आहे, लॉस एंजेलिसमधला १९५३ चा. मिक्लोश पोल या प्लास्टिक सर्जननी ऑस्ट्रेलियात १९९३ साली आणि युरोपसाठी २००४ साली असेच वृंद उभे केले. परंतु आपण ज्याचा बारकाईने अभ्यास करावा असा वृंद माझ्या मते बॉस्टनचा ‘लाँगवूड सिम्फनी’ आहे. शहरातल्या ज्या भागात हार्वर्डचे वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठी रुग्णालये एकमेकांना खेटून उभी आहेत, त्या भागाचे नाव घेऊन तो १९८२ साली सुरू झाला. बालरोगतज्ज्ञ आणि व्हायोलिनवादक डॉ. लिसा वाँग या दोन दशके त्याच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांच्याच काळात, १९९१ पासून, प्रत्येक मैफल आरोग्यक्षेत्रातील एखाद्या सेवाभावी संस्थेशी जोडण्याची पद्धत रूढ झाली. संस्थेला निधी तर मिळतोच, शिवाय तिचे काम सभागृहातल्या श्रोत्यांपुढे मांडले जाते. याखेरीज वृंदातले तीन-चार वादक छोटे गट करून रुग्णालयांत आणि शुश्रूषागृहांत जाऊन वाजवतात. मोठी मैफल वर्षातून काही वेळाच होते. हे छोटे गट मात्र जे रुग्ण सभागृहापर्यंत कधीच येऊ शकणार नाहीत त्यांच्यापर्यंत जातात, आणि मला या कामाचे मोल अधिक वाटते.

आता तालमीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बाहेरून फक्त मैफल दिसते. आमच्या वृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या गटाची प्रमुख होती नुकतीच पदवी मिळवून पहिल्या वर्षाची नोकरी करणारी एक डॉक्टर, आणि तिच्या मागच्या बाकावर बसत असत हृदयशस्त्रक्रियेतले एक ज्येष्ठ सर्जन. व्हायोलिनच्या गटात सगळ्यांचे गज एकाच दिशेने चालावे लागतात. कोणता स्वर गज वर नेत वाजवायचा आणि कोणता खाली आणत, हे प्रमुख ठरवते आणि बाकीचे ते पेन्सिलीने स्वरलेखनावर टिपून घेतात. एका तालमीत तिने मागे वळून शांतपणे सांगितले की या ओळीत गज उलटा घ्यायचा आहे, आणि त्या सर्जननी एक शब्द न बोलता खोडरबर काढून आपली खूण पुसली व नवी केली. ज्या माणसासमोर ऑपरेशन थिएटरमध्ये बोलायला लोक कचरत, तोच येथे पंचवीस वर्षांच्या मुलीच्या गजाकडे डोळे लावून बसलेला असे. रुग्णालयातील उतरंड मोडावी, कनिष्ठाने धोका दिसताच ज्येष्ठाला बेधडक सांगावे, यासाठी आज आपण रुग्णसुरक्षेच्या कार्यशाळा घेतो. ऐकण्याची आणि मागे राहण्याची ही सवय वाद्यवृंदात दर आठवड्याला अंगात मुरते. तीस-चाळीस बार, म्हणजे तालाची तितकी आवर्तने, गप्प बसून मोजायचे आणि नेमक्या क्षणी, नेमक्या आवाजात, शेजाऱ्याला न झाकता शिरायचे, हे शिकायला मला तरी बरीच वर्षे लागली, आणि त्याचा फायदा माझ्या रुग्णांना झाला असे मी प्रामाणिकपणे मानतो.

वैद्यकाचे आणि कानाचे नाते तसे जुनेच आहे. छातीवर बोटांनी ठोकून आतल्या पोकळीचा अंदाज घेण्याची पद्धत १७६१ साली जगापुढे मांडणारे लेओपोल्ड आउएनब्रुगर हे संगीताचे इतके जाणकार होते की त्यांनी पुढे सालिएरी या संगीतकाराच्या एका ऑपेराची संहिता लिहिली. १८१६ साली स्टेथोस्कोप घडवणारे लाएनेक बासरी वाजवत. जठराचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढण्याची शस्त्रक्रिया १८८१ साली करणारे व्हिएन्नाचे सर्जन बिलरोथ व्हायोला आणि पियानो वाजवत. संगीतकार ब्राह्म्स त्यांचा जिवलग मित्र होता आणि त्याने आपल्या पहिल्या दोन तंतुवाद्य-चौकड्या, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना, त्यांनाच अर्पण केल्या. संगीत आल्याने माणूस चांगला डॉक्टर होतो, असा निष्कर्ष या तीन नावांवरून मी काढणार नाही. अजिबात गाता न येणारे उत्तम डॉक्टर मी आयुष्यभर पाहिले आहेत. पण रुग्णाकडून येणारा आवाज ही माहिती असते, आणि ती टिपणारा कान घडवता येतो, एवढे नक्की. आमच्या शाखेत तर हे रोजचे आहे. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरचा प्रत्येक ठोक्याचा स्वर रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणाबरोबर चढतो-उतरतो. ऑक्सिजन घसरू लागला की स्वर खाली येतो. पाठमोरा उभा राहून औषध भरत असतानाही भूलतज्ज्ञाला तो उतरलेला स्वर आधी कळतो, आकडा तो नंतर पाहतो. म्हणूनच थिएटरमध्ये सर्जनच्या आवडीची गाणी लावायला माझी हरकत नसते, पण भूल देताना आणि रुग्णाला भुलीतून बाहेर आणताना ती बंद असावीत, याबाबत मी कोणाचेही ऐकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. शस्त्रक्रियेच्या काळात ऐकवलेल्या संगीताचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७३ नियंत्रित चाचण्यांचा, म्हणजे तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेल्या चाचण्यांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला; त्यांत सुमारे ७,००० रुग्ण होते. संगीत ऐकलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी जाणवल्या, भीती कमी वाटली, वेदनाशामक औषधे कमी लागली आणि समाधान अधिक होते. रुग्णालयातील मुक्काम मात्र कमी झाला नाही. हे शेवटचे वाक्य व्याख्यानांत बहुधा गाळले जाते, आणि ते गाळू नये असे मला कळकळीने वाटते. जखम भरायला जितके दिवस लागतात तितके ती घेतेच. ते दिवस कमी त्रासात जावेत, इतकेच संगीत करते, आणि ज्याच्या पोटाला टाके आहेत त्याच्या दृष्टीने हे ‘इतकेच’ फार मोठे आहे.

प्रत्यक्षात हे कसे दिसते ते सांगतो. एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका चालकाची प्रोस्टेटची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होती. अशा वेळी मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला जातो आणि रुग्ण पूर्ण जागा असतो. पडद्यापलीकडचे बोलणे, उपकरणांचे आवाज, सगळे त्याला ऐकू येते. मी विचारले, “काका, काही ऐकायला लावू का?” ते म्हणाले, “भजन लावा डॉक्टरसाहेब. पण टाळ-मृदंगाचं. ते झोपवणारं नको.” मी एकाच कानात इयरफोन घातला, म्हणजे दुसऱ्या कानाने त्यांना माझे बोलणे ऐकू यावे, आणि आवाज बेताचा ठेवला. सुरुवातीला नाडी १०४ होती आणि सलाइन लावलेल्या हाताची मूठ घट्ट आवळलेली होती. थोड्या वेळाने मूठ सुटली, हाताच्या फळीवर चार बोटे ठेका धरू लागली, आणि नाडी ८० च्या घरात आली. झोपेचे इंजेक्शन भरून ठेवले होते, ते द्यावे लागले नाही. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, पण एक गोष्ट मी येथे मुद्दाम दाखवतो आहे. बाजारात ‘शांत करणारे संगीत’ म्हणून जे मिळते ते या गृहस्थांना नको होते. त्यांना हवे होते ते त्यांच्या दिंडीतले, चांगल्या चढ्या लयीचे. निवड रुग्णाची असावी, हा या विषयातला पहिला नियम आहे.

याचे कारण शरीरात काही प्रमाणात शोधता आले आहे. इटलीतील पाविया येथील लुचियानो बेर्नार्डी यांच्या गटाने २००६ साली २४ जणांना, त्यांत निम्मे वादक, वेगवेगळ्या सहा प्रकारचे संगीत ऐकवले, आणि त्यात आपले रागसंगीतही होते. लय जलद असेल तर श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढतात, आणि या परिणामात संगीताच्या प्रकारापेक्षा लयीचा वाटा मोठा असतो, असे त्यांना आढळले. सर्वांत अनपेक्षित भाग असा की मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली तेव्हा नाडी आणि रक्तदाब सुरुवातीपेक्षाही खाली गेले. त्यामुळे मी रुग्णाला सलग तासभर संगीत ऐकवत नाही. मध्ये विराम ठेवतो. याशिवाय लक्ष दुसरीकडे वळणे, ओळखीच्या गाण्याने परक्या जागेचा धसका कमी होणे, या गोष्टी असतातच.

मेंदूच्या आजारांत संगीताचे काम वेगळे आणि अधिक खोल आहे. डाव्या मेंदूला पक्षाघात होऊन वाचा गेलेला रुग्ण ‘पाणी’ हा शब्द उच्चारू शकत नाही, पण घरात गणपतीची आरती सुरू झाली की तोही शब्दांसकट म्हणू लागतो. हे पाहून नातेवाईक चकित होतात. याच निरीक्षणावरून १९७३ साली बॉस्टनमध्ये स्वरांच्या आधारे वाचा परत आणण्याची पद्धत मांडली गेली. तिच्यात रोजच्या गरजेची छोटी वाक्ये, ‘पाणी हवं’, ‘पाय दुखतो’, अशी दोन-तीन स्वरांच्या चढ-उतारात म्हणवून घेतात, प्रत्येक अक्षराबरोबर रुग्णाचा डावा हात टेबलावर टेकवतात, आणि जमू लागले की हळूहळू चाल काढून घेत साध्या बोलण्याकडे आणतात. केवळ आरती म्हणवून घेणे म्हणजे हा उपचार नव्हे. वाक्य, चाल, हात आणि चिकाटी ही सगळी लागतात, आणि ते काम प्रशिक्षित वाचातज्ज्ञाचे आहे. कंपवाताच्या रुग्णाची पावले अडखळतात तेव्हा त्याच्या चालीपेक्षा किंचित जलद ठोका मेट्रोनोमवर (एकसारखे ठोके देणाऱ्या यंत्रावर) किंवा गाण्यात दिला तर पाऊल लांब पडते आणि चाल सुधारते. संशोधक मायकेल थाउट यांनी १९९० च्या दशकात हे पद्धतशीर दाखवले. फिनलंडमध्ये तेप्पो सारकामो यांनी पक्षाघाताच्या ६० रुग्णांवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज निदान तासभर आपल्या आवडीचे संगीत दोन महिने ऐकणाऱ्यांची शब्दस्मृती आणि एकाग्रता ध्वनिपुस्तके ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली, आणि काहीच न ऐकवलेल्या गटापेक्षा त्यांना उदासीही कमी जाणवली.

मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत २०१३ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील अकरा रुग्णालयांची चाचणी मला विशेष वाटते. २७२ बाळांना प्रशिक्षित संगीतोपचारतज्ज्ञांच्या साहाय्याने प्रत्यक्ष संगीत ऐकवले गेले, आणि अंगाईसाठी गाणे निवडले ते आईवडिलांनी, आपल्या घरातले. बाळांच्या हृदयाची गती मंदावली, झोप आणि दूध ओढणे सुधारले, आणि पालकांची घालमेल कमी झाली. मोझार्ट ऐकवल्याने बाळ हुशार होते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. तिचे मूळ १९९३ सालच्या ज्या प्रयोगात आहे त्यात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते, बाळे नव्हती, आणि आकृत्या जुळवण्याच्या कौशल्यातला तो फरक दहा-पंधरा मिनिटांत विरून गेला.

आता राग. अमुक राग रक्तदाबावर, तमुक मधुमेहावर, असे तक्ते आपल्याकडे सर्रास फिरतात. त्या तक्त्यांना नियंत्रित चाचण्यांचा आधार नाही, आणि वैद्यकीय सल्ला म्हणून ते रुग्णापुढे ठेवू नयेत. हे लिहिताना माझ्या मनात आपल्या परंपरेविषयी अनादर नाही. उलट ही परंपरा फार गंभीर आहे म्हणूनच तिच्या नावावर असे दावे खपवणे मला टोचते. ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, म्हणजे आजच्या दौलताबादेत, लिहिला गेला. त्याचा कर्ता शार्ङ्गदेव काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या वैद्य घराण्यातला, आणि स्वरांचे विवेचन सुरू करण्याआधी तो गर्भ कसा घडतो आणि शरीराची रचना कशी असते यावर एक संपूर्ण प्रकरण लिहितो. नाद शरीरातून उत्पन्न होतो, तेव्हा शरीर आधी समजले पाहिजे, अशी ती मांडणी आहे. संगीत आणि वैद्यक यांचा संबंध जोडायचाच असेल तर त्याच्याइतक्या मुळापासून जोडावा. ज्या रुग्णाचे आयुष्य ख्याल ऐकण्यात गेले त्याला मालकंस नक्की विसावा देईल. ज्याने आयुष्यभर लावणी किंवा कव्वाली ऐकली त्याला तो परका वाटू शकतो, आणि त्यात त्याचे काहीच चुकत नाही.

म्हणून आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नको’ असे आहे. वॉर्डातील ध्वनिवर्धक रुग्णाला बंद करता येत नाही, आणि बंद करता न येणारे संगीत हा गोंगाटच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णांच्या खोल्यांत रात्री सरासरी ३० डेसिबल इतकाच आवाज असावा, म्हणजे कुजबुजीएवढा. आपल्या वॉर्डांत ट्रॉल्या, मोबाइल, मॉनिटरचे गजर आणि नातेवाइकांची वर्दळ मिळून आधीच त्याच्या कितीतरी वर असतात. वर उल्लेख केलेल्या विलिश यांनीच बर्लिनमधील रुग्णालयांत हजारो रुग्णांचा अभ्यास करून त्यांच्या रोजच्या आयुष्यातला गोंगाट आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध २००६ साली मांडला होता. वाद्यवृंदाचा संचालक आणि गोंगाटाचा संशोधक ही एकच व्यक्ती असावी, हे मला अत्यंत समर्पक वाटते. आपल्या रुग्णालयाने ध्वनिवर्धकांसाठी ठेवलेला पैसा स्वच्छ करता येतील अशा इयरफोनवर आणि गजरांचा आवाज आटोक्यात आणण्यावर खर्च करावा. दाखल होताना केसपेपरवरच “आपल्याला काय ऐकायला आवडते?” असा एक रकाना ठेवावा. भ्रमिष्ट झालेल्या अतिदक्षता विभागातील रुग्णाला, ऐकू कमी येणाऱ्याला, आणि विशिष्ट संगीताने झटके येण्याचा दुर्मीळ प्रकार असलेल्या अपस्माराच्या रुग्णाला काय सोसते ते आधी पाहावे. आणि वेदना होत असलेल्या माणसाचे औषध गाणे लावले म्हणून कधीही लांबवू नये.

राहिला आपल्या व्हायोलिनचा प्रश्न. ते सोडा, असे आपले वरिष्ठ सुचवतात असे आपण लिहिले आहे. मी तसे सांगणार नाही. आपल्याकडे डॉक्टरांच्या कलेची परंपरा रंगभूमीवर अधिक फुलली. नाक-कान-घसातज्ज्ञ डॉ. श्रीराम लागू आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे, दोघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे, आणि दोघांनाही महाविद्यालयात असतानाच नाटक कोणी सोडायला लावले असते तर मराठी रंगभूमी किती मोकळी पडली असती याची कल्पना करावी. संगीतात मात्र १ जुलैच्या डॉक्टर्स डेला कराओकेवर गाणी म्हणण्यापलीकडे आपण फारसे जात नाही. त्या कार्यक्रमात आनंद असतो, पण वर्षातून एकदा एकेकट्याने गाण्यात एकमेकांना ऐकण्याचा सराव होत नाही. पूर्ण सिम्फनी वृंदाला लागणारे ओबो, फ्रेंच हॉर्न, व्हायोला वाजवणारे डॉक्टर आपल्या शहरात मिळणे अवघड आहे, आणि त्याची गरजही नाही. एक हार्मोनियम, एक तबला, दोन व्हायोलिन आणि चार गाणारे गळे एवढे जमले तरी पुरते. त्यात परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय यांनाही घ्या. डॉक्टरांपुरता गट ठेवला तर वर सांगितलेल्या तालमीचा अर्धा फायदा वाया जातो. आठवड्यातला एक दिवस आणि वेळ पक्की करा, ज्याची ड्युटी असेल त्याची जागा रिकामी ठेवा पण तालीम रद्द करू नका, आणि गटाचा प्रमुख पदावरून न ठरवता तयारीवरून ठरवा. पहिले वर्ष कार्यक्रमच करू नका. दुसऱ्या वर्षी तिकीट लावून करा, आणि जमलेली रक्कम कोणत्या रुग्णांसाठी, कोणत्या तपासणीसाठी किंवा औषधासाठी जाणार हे तिकिटावरच छापा. आपल्या निवासी वर्षांत रोजचा रियाज शक्य होणार नाही. आठवड्याची ती तालीम सांभाळली तर हात टिकून राहतो, आणि पुढे वेळ मिळू लागला की बर्लिनच्या त्या वृंदाकडे अर्ज करायला आपण तयार असाल.